वारा फुकट, मग वीज महाग का?



वाऱ्याला दाम मोजावा लागत नाही. तरीही २०२२ साली पवनचक्क्या फिरत असताना युरोपात विजेचे दर कडाडले. याचे कारण बाजाराच्या रीतीत आहे. गरज भागविताना स्वस्त वीज आधी घेतली जाते. परंतु सर्वांत शेवटी लागणाऱ्या महागड्या केंद्राचा दर सर्वांनाच मिळतो. युक्रेनवरील आक्रमणानंतर गॅस महागला, आणि ज्या पवनचक्क्यांचा दर करारबद्ध नव्हता त्यांच्या मालकांनाही गॅसचा भाव मिळाला. अखेर युरोपीय संघाला अशा महसुलावर मेगावॅट-तासाला १८० युरोंची मर्यादा घालावी लागली.

उलट, वारा जोरात सुटला की साऱ्या पवनचक्क्या एकदम वीज देतात व भाव शून्याखालीही घसरतो. मग भांडवल कसे फिटावे? पवनविजेचा खर्च मुख्यतः उभारणीचा आणि व्याजाचा असतो. म्हणून ब्रिटनने २०१४-१५ पासून ठरावीक दराचे दीर्घ करार केले. बाजारभाव त्याहून कमी असल्यास फरक उत्पादकाला मिळतो, अधिक असल्यास तो परत करावा लागतो.

तेव्हा पवनचक्की उभी राहताना करार कोणत्या दराने, किती वर्षांचा, आणि भांडवल किती व्याजाचे, हे आपण विचारलेच पाहिजे.