गोष्टीत ‘अम्मी’ लिहिलं तर चालतं का?

(पिंपरी येथे झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण संविधान, शिक्षण, रोजगार अशा मोठ्या विषयांवर बोललो. आता जेवणानंतर मला विषय दिला आहे मुलांच्या पुस्तकांचा. काहींना वाटेल, जेवणानंतरची बडीशेप आहे. पण मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते आणि रविवारी वस्तीत मुलांना गोष्टी वाचून दाखवते. ‘मराठी आपली आहे का’ या प्रश्नाचं उत्तर मूल फार लवकर ठरवतं, हे मी वर्गात पाहते. ते उत्तर ठरवण्यात त्याच्या हातात आलेल्या पुस्तकांचा वाटा मोठा असतो.

चौथीच्या वर्गाला एकदा मी गोष्ट लिहायला दिली. विषय होता ‘माझ्या घरी पाहुणे आले’. वर्गात दहा-बारा मुस्लिम मुलं होती. जवळपास सगळ्यांच्या गोष्टीतल्या मुलाचं नाव राजू किंवा रोहन. पाहुण्यांना दिले पोहे आणि लाडू. घरी ज्या मुलाला शीरखुर्मा आणि खिमा माहीत, तो वहीत लाडू लिहितो. लाडू वाईट नाहीत, मलाही आवडतात. पण ते त्याच्या घरातून वहीत आले नव्हते. त्याने वाचलेल्या गोष्टींतून आले होते. आणि एक मुलगी वही घेऊन माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, “बाई, गोष्टीत ‘अम्मी’ लिहिलं तर चालतं का? का ‘आई’च लिहायचं?”

तिला कोणी मनाई केलेली नव्हती. तिने वाचलेल्या एकाही मराठी पुस्तकात ‘अम्मी’ नव्हती, म्हणून तिने समजून घेतलं की मराठीत अम्मी चालत नसावी.

1965 साली अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या बाईंनी एक साधं काम केलं. आधीच्या तीन वर्षांत निघालेली मुलांची पाच हजारांहून अधिक पुस्तकं मोजली आणि कितींत काळ्या माणसांना जागा आहे ते पाहिलं. उत्तर आलं 6.7 टक्के. पुढे 1990 मध्ये रुडिन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी एक कल्पना मांडली, ती आज जगभरचे शिक्षक वापरतात. पुस्तक आरसा असतं आणि खिडकीही असतं. आरशात मूल स्वतःला पाहतं, खिडकीतून दुसऱ्याचं घर पाहतं. मुलाला दोन्ही लागतात.

आपल्या मुलांना खिडक्या भरपूर मिळाल्या आहेत, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. कोकणातल्या गरीब ब्राह्मण घरातली ती आई वाचून आपल्या मुलीही रडतात. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर आपली पोरंही सायकल हाणतात. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मधला गुलामगिरीत जन्मलेला काळा शास्त्रज्ञ मराठी घराघरांत पोचला. दूरच्या माणसाला जवळ करण्याची ताकद मराठीत आहे, हे त्यातून दिसतं. कमतरता आरशाची आहे. आणि आपल्याला जो आरसा असतो, तीच शेजारच्या हिंदू मुलाला खिडकी असते. ती नसली तर नुकसान दोघांचंही होतं. तो मुलगा आपल्याला फक्त इतिहासाच्या पुस्तकातल्या लढाईत भेटतो, नाहीतर मोबाइलवरच्या फॉरवर्डमध्ये.

म्हणून पुस्तक निवडताना मी काही प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा.

पहिला प्रश्न: गोष्ट चांगली आहे का? मूल दुसऱ्यांदा मागेल का? हा पहिला, कारण बाकी सगळं बरोबर असून गोष्ट कंटाळवाणी असेल तर पुस्तक कपाटातच राहतं. पाठीमागे ‘तात्पर्य’ छापलेली पुस्तकं मी शक्यतो बाजूला ठेवते. यासाठी पुस्तक आधी स्वतः मोठ्याने, शेवटपर्यंत वाचा. जिथे तुमची जीभ अडखळते, तिथे मूल उठून जाणार.

दुसरा प्रश्न: यात मुस्लिम माणूस असेल तर तो कधी भेटतो? फक्त ईदच्या दिवशी? फक्त थोर पुरुष म्हणून? डॉ. कलामांचं ‘अग्निपंख’ मुलांनी जरूर वाचावं. पण पुस्तकात जागा मिळवायला आधी राष्ट्रपती व्हावं लागतं, असं मुलाला वाटता कामा नये. मंगळवारी सकाळी डबा विसरलेली, गणितात अडलेली, भावाशी भांडणारी सलमा हवी. तिचं नाव सलमा आहे, यावर गोष्टीत कोणी भाषण करू नये.

तिसरा प्रश्न: मुलगी काय करते? हा प्रश्न मी आपल्याकडच्या धार्मिक बालपुस्तकांनाही विचारते. बरीच पुस्तकं अशी असतात की मुलगा प्रवासाला जातो, प्रश्न विचारतो, आणि मुलगी दस्तरखान मांडते. मुखपृष्ठावर चंद्रतारा आहे म्हणून पुस्तक आपलं होत नाही. ज्या पुस्तकात मुलांनी प्रश्नच विचारायचा नाही, ते कोणाचंही असो, मी मागे ठेवते.

चौथा प्रश्न: गोष्टीतली माणसं आपली वाटतात का? आपला पट्टा कारखान्यांचा. भोसरी, आकुर्डी, चिखली, चाकण, महाळुंगे, खराबवाडी. वडील सेकंड शिफ्टला, आई घरी पॅकिंगचं काम घेते, गाव सोलापूर, बीड किंवा थेट उत्तर प्रदेश. घरात दखनी किंवा हिंदी, शाळेत मराठी. अशा घराचं चित्र मुलाला कुठे तरी दिसलं पाहिजे.

आता नावं सांगते, कारण नुसत्या प्रश्नांनी पिशवी भरत नाही.

लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं. त्यांचं ‘चित्रवाचन’ तर आपल्या घरांसाठी फार उपयोगाचं आहे. अनेक अम्मींना मराठी वाचता येत नाही आणि त्या संकोचाने पुस्तकाला हात लावत नाहीत. चित्रांचं पुस्तक मांडीवर घेतलं की अडचण संपते. दखनीत बोला, हिंदीत बोला, “ये देख, बिल्ली किधर जा री?” एवढं विचारलं तरी ते वाचनच आहे.

‘इस्मत की ईद’ हे तुलिका प्रकाशनाचं चित्रपुस्तक घ्या. ईदसाठी आणलेली पँट लांब निघते आणि घरातली प्रत्येकजण, दुसरीला न सांगता, ती कापून लहान करते. मुलं हसून लोळतात. ईद आहे, पण उपदेश नाही.

थोड्या मोठ्यांसाठी प्रेमचंदांची ‘ईदगाह’. हिंदीत आणि उर्दूत सहज मिळते. जत्रेत हमीदकडे तीनच पैसे आहेत. बाकीची पोरं खेळणी घेतात, हा दादी अमीनासाठी चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना तिची बोटं भाजतात. लेखक हिंदू, घर मुस्लिम, आणि त्या घरात परकेपणा कुठेच नाही. आपल्या साने गुरुजींनीही ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिलं, हे मोठ्या मुलांना सांगा. दुसऱ्याचं घर मनापासून लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

आणि माझी सर्वांत लाडकी, डॉ. झाकिर हुसेन यांची ‘अब्बू खाँ की बकरी’. हे तेच झाकिर हुसेन, जे 1967 मध्ये राष्ट्रपती झाले. अल्मोड्याच्या अब्बू खाँची चांदनी नावाची बकरी. दाणापाणी आहे, माया आहे, पण गळ्यात दोरी आहे. ती डोंगरात निघून जाते आणि रात्री लांडग्याशी लढते. पहाटेपर्यंत टिकते, मग पडते. झाडावरचे पक्षी वाद घालतात, जिंकलं कोण? ही गोष्ट वाचल्यावर मी गप्प बसते. मग वर्गच बोलतो. एक मुलगा म्हणतो, घरीच राहायला हवं होतं, जिवंत राहिली असती. एक मुलगी म्हणते, दोरीत जगण्यापेक्षा एक दिवस डोंगरात बरा. तिच्या घरात दहावीनंतर पुढे शिकवायचं की नाही यावर बोलणं चाललेलं असतं, हे मला माहीत असतं. गोष्टीवर बोलताना ती स्वतःबद्दल बोलू शकते, आणि कोणी तिला उद्धट म्हणत नाही.

इतिहासाच्या पुस्तकांबद्दल मला नेहमी विचारतात. शिवाजी महाराजांवरची मुलांची काही पुस्तकं अशी लिहिलेली असतात की वाचताना आपलं मूल खाली बघू लागतं. अशी पुस्तकं लपवू नका, सोबत बसून वाचा. आपल्या चाकणचा संग्रामदुर्ग घ्या. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्ताखानाच्या मोठ्या फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने लढवला. चाकणच्या कोणत्याही मुलाला, मग नाव काहीही असो, या लढाईचा अभिमान वाटावा. त्याच बैठकीत मुलाला हेही सांगा की महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पदरी काझी हैदर होता, आणि 1665 मध्ये महाराजांवर औरंगजेबाची फौज घेऊन चालून आले ते मिर्झाराजे जयसिंग. मग विचारा, या पुस्तकात दौलतखान कुठे आहे? मूल पानं उलटून शोधतं. सापडला नाही तर ‘का नाही’ असं विचारतं. हा प्रश्न पडला म्हणजे त्याला वाचता येऊ लागलं.

घरचे आक्षेपही ऐकून घेऊ. पहिला, “गोष्टी वाचून काय नोकरी लागणार?” ज्या मुलाला स्वतःहून दोन पानं वाचायची सवय नाही, त्याला पुढे आयटीआयचं पुस्तक आणि कंपनीतलं कॉन्ट्रॅक्टचं कलमही वाचवत नाही, हे आपण रोज पाहतो. दुसरा, “त्या पुस्तकात गणपती आहे, देवाची गोष्ट आहे.” असू द्या. शेजारच्या घरात काय आहे हे कळल्याने कोणाचं ईमान जात नाही. आपण हिंदू मुलांच्या हाती ‘ईदगाह’ द्यायला निघालो आहोत, तर तेच माप आपल्यालाही लावलं पाहिजे. एका पालकाने मला विचारलं होतं, “वर्गात ईदची गोष्ट कशाला?” मी वाद घातला नाही. पुस्तक हातात दिलं, म्हटलं, घरी वाचा आणि काय खटकलं ते सांगा. त्यांना पटलं की नाही, ते मला ठाऊक नाही. त्यांची मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करताना म्हणाली, “अजून आहे का असं?”

तिसरी अडचण खरी आहे, वेळेची आणि पैशांची. बारा तासांची ड्युटी, एक खोली, आणि टीव्ही चालू. म्हणून तासभर नको, दहा मिनिटं ठरवा. मोठ्या बहिणीने धाकट्याला वाचावं, सुट्टीच्या दिवशी अब्बूंनी ऐकावं. अब्बूंनी नुसतं ऐकलं तरी मुलाला कळतं की हे महत्त्वाचं काम आहे. पैशांचं म्हणाल तर नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची पुस्तकं स्वस्त असतात. प्रथमच्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015 पासून हजारो गोष्टी फुकट आहेत, मराठीत आणि उर्दूतही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक मोबाइलवर वाचता येतात. ‘इक्रा’ हा शब्द आपण सुंदर अक्षरात भिंतीवर लावतो. त्या भिंतीखाली पाच पुस्तकं ठेवायला जागा निघतेच.

आता तुमच्यासाठी तीन कामं.

एक, मोजणी करा. आपल्या वस्तीतल्या शाळेचं किंवा वाचनालयाचं कपाट उघडून लॅरिकबाईंसारखं मोजा. किती पुस्तकांत मुस्लिम आहे, किती पुस्तकांत दलित, आदिवासी, भटक्या घरातलं मूल आहे, किती पुस्तकांत मुलगी स्वतः काही ठरवते. आपल्यापुरतंच मोजलं तर ते काम अर्धंच राहील.

दोन, हक्काने मागा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत असं स्पष्ट लिहिलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तुमच्या आपा, भाभी, खाला त्या समितीत जाऊ शकतात. त्यांनी बैठकीत एवढंच विचारावं, “कपाटाला कुलूप का आहे, आणि नवीन पुस्तकं कधी येणार?” सोबत दहा नावांची यादी द्यावी. नुसत्या तक्रारीपेक्षा यादी टाळणं अवघड जातं.

तीन, लिहा. स्टोरीवीव्हरवर कोणालाही भाषांतर करता येतं. तुमच्यापैकी किती जण घरी दखनी, शाळेत मराठी, मित्रांत हिंदी बोलता! ही कमजोरी आहे असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल, पण भाषांतराला हीच शिदोरी लागते. दर महिन्याला एक गोष्ट मराठीत आणा. मग स्वतःची लिहा. मेदनकरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत राहणारी मुलगी, फोर्कलिफ्ट चालवणारे तिचे अब्बू, शेजारची लातूरची मावशी. ही गोष्ट दिल्ली-मुंबईत बसून कोणी लिहिणार नाही. ती या हॉलमध्ये बसलेल्यांपैकीच कोणालातरी माहीत आहे.

त्या मुलीला मी उत्तर दिलं होतं, “चालतं, लिही.” पण नुसतं बाईंनी सांगून पुरत नाही. तिला छापलेलं पान दिसायला हवं. ते पान शोधणं, मागणं आणि नसेल तर लिहिणं, हे काम आता आपलं आहे.