आधी शेवटचा रकाना



टाचण काढायला बसलात की आधी काय उघडता? पाठ्यपुस्तक. मग पाठाचं नाव, कृती, साहित्य. अध्ययन निष्पत्तीचा रकाना भरता सगळ्यात शेवटी, तोही मागच्या वर्षीची वही समोर ठेवून. रागावू नका, पण आधी तो रकाना भरा.

सणाला बाराचा नैवेद्य असतो. म्हणजे अकरापर्यंत पुरण वाटून झालेलं हवं, त्याआधी डाळ शिजून कट निथळायला हवा, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या डाळ भिजत पडायला हवी. पानापासून मागे मागे यायचं. डाळ दिसली, घातली भिजत, पुढचं पुढे बघू, असं कोणी करत नाही. वर्गात मात्र आपण डाळच भिजवत बसतो.

चौथीचे अपूर्णांक घ्या. एनसीईआरटीच्या २०१७च्या निष्पत्तींनुसार मुलाला अर्धा, पाव, पाऊण हे भाग चित्रात ओळखता यावेत आणि वस्तूंच्या समूहातही. हे 'समूहातही' नजरेतून निसटतं. आपण वर्तुळं रंगवून घेतो आणि घटक संपला म्हणतो. मग १२ चिंचोके देऊन पाव भाग काढायला सांगा. एखादं पोरगं ४ काढतं. पावात खाली ४ असतो ना!

म्हणून चिंचोक्यांचा प्रश्न आधी लिहा. तो सुटायला सारखे वाटे करता आले पाहिजेत. म्हणजे वाटे आधी हातानं, चित्र नंतर, अंकांत लिहिणं त्याच्याही नंतर. कुठली कृती गाळायची, तेही तिथंच कळतं.

हे खूळ नवं नाही बरं का. राल्फ टायलर यांनी १९४९च्या पुस्तकात सुरुवातच 'शाळेला साधायचं काय' इथून केली होती. विगिन्स आणि मॅकटाय यांनी १९९८मध्ये त्याची नीट पद्धत बसवली: निष्पत्ती, मग ती आली हे कशावरून कळेल, आणि शेवटी पाठ. पुन्हा सांगते, पाठ शेवटी.

काहीजण म्हणतील, हे परीक्षेपुरतं शिकवणं झालं. अहो, चिंचोके वाटणं ही का परीक्षा? आता ज्यांना वाटेच जमत नाहीत, त्यांच्यासाठी तिसरीच्या निष्पत्तीपर्यंत मागे जावं लागतं. ते कसं, तर... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण करताहेत.