म्हणजे काय? : आमची पाच अक्षरांची वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावीच्या १९८१ च्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, 'आपल्या ग्रुपवर रोज येणारे हिरवे-पिवळे चौकोन'. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना ते चौकोन म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही आणि उरलेल्या निम्म्यांना त्यावाचून चहा गोड लागत नाही. म्हणून आधी खेळ सांगते, मग त्यातली आपली गोष्ट सांगते.

खेळाचं नाव वर्डल. रोज एक इंग्रजी शब्द, स्पेलिंगची बरोब्बर पाच अक्षरं. तो सहा प्रयत्नांत ओळखायचा. आपण एक शब्द लिहायचा. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर चौकोन हिरवा. अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा. अक्षरच नसेल तर करडा. सगळ्या जगाला त्या दिवशी तोच शब्द. उद्याचा शब्द उद्याच, हावरटपणा चालत नाही.

हा खेळ जॉश वॉर्डल नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने केला. आडनावातच खेळाचं नाव लपलंय. त्याची जोडीदार पलक शाह हिला शब्दकोडी आवडतात, म्हणून त्याने तो घरच्या घरी तिच्यासाठी केला. इंग्रजीत पाच अक्षरांचे शब्द बारा हजारांच्या आसपास निघाले. त्यातले कितीतरी शब्द कुणी आयुष्यात ऐकलेले नसतात. मग पलकने ती यादी घेतली आणि एकेका शब्दापुढे खूण केली, हा मला माहीत आहे, हा नाही. अशी गाळणी लावून अडीच हजारांच्या आसपास शब्द उरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला खेळणारे होते ९०. दोन महिन्यांनी, २ जानेवारी २०२२ ला, तीन लाख. आणि जानेवारी संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला.

आपल्या ग्रुपवर तो त्याच सुमाराला आला. आपली न्यू जर्सीची मैत्रीण आधी खेळायला लागली, तिच्यामागून मी, मग पुण्यातले चौघे, नाशिकचे दोघे. निवृत्तीनंतर सकाळी पेपर वाचून झाला की करायचं काय, या प्रश्नाला एक उत्तर मिळालं.

आता थोडं युक्त्यांबद्दल, कारण बाहेर चहाच्या वेळी तिघांनी मला तेच विचारलं. पहिला शब्द असा घ्या की ज्यात ई, ए, आर, ओ, टी यांतली दोन-तीन अक्षरं येतील. या खेळाच्या शब्दांत ती सगळ्यात जास्त वेळा येतात. न्यूयॉर्क टाइम्सचा एक संगणकी गुरुजी आहे, तो आपल्या खेळाचं परीक्षण करतो. तो आधी पहिल्या शब्दासाठी 'क्रेन' सुचवायचा, सी-आर-ए-एन-ई. पुढे त्याने मत बदललं आणि 'स्लेट' सांगायला लागला, एस-एल-ए-टी-ई. स्लेट म्हणजे आपली पाटी. मी तेव्हापासून रोज पाटीनेच सुरुवात करते.

दुसरी गोष्ट. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली की हुरळून जाऊ नका, तो सापळा आहे. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट... एकेक करून बघत बसलात तर सहा प्रयत्न संपतात आणि शब्द हातातून जातो. अशा वेळी एक प्रयत्न मुद्दाम खर्च करायचा. 'फर्म्स' लिहा, एफ-आय-आर-एम-एस. एका फटक्यात फाइट, राइट, माइट आणि साइट या चौघांचा निकाल लागतो. तिसरी गोष्ट, एकच अक्षर दोनदा येऊ शकतं हे विसरू नका. 'व्हिव्हिड'मध्ये व्ही दोनदा, आय दोनदा आणि शेवटी डी. आणि चौथी, स्पेलिंग अमेरिकेचं असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये एके दिवशी 'ह्यूमर' आला, एच-यू-एम-ओ-आर. बाई, तुम्ही शिकवलेल्या ह्यूमरमध्ये दोन यू होते. तुमचं स्पेलिंग सहा अक्षरांचं, ते त्या पाच घरांत बसेना. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर सगळे हरले आणि सगळ्यांनी अमेरिकेला नावं ठेवली.

आता गोष्ट. ती ज्याची आहे तो इथे बसलाय. त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगायचं नाही या अटीवर. पण तुम्ही ओळखालच.

इंग्रजी आपल्याला पाचवीत सुरू झालं. रोज फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात बाई पाच शब्द लिहायच्या, समोर मराठी अर्थ. दुसऱ्या दिवशी उभं करून विचारायच्या. आठवीत असताना एक शब्द होता 'फ्रॉस्ट'. समोर अर्थ होता, हिमतुषार. आपला हा मित्र मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "बाई, हिमतुषार म्हणजे काय?"

वर्ग हसला. मी पहिल्या बाकावर होते, माझा नंबर वरचा असायचा, आणि मी सगळ्यात मोठ्यांदा हसले. मागे वळून हसले. बाईंनी आम्हाला गप्प केलं, त्या सांगायला लागल्या, तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. आणि खरं सांगते, हिमतुषार म्हणजे काय हे मलाही माहीत नव्हतं. मला फक्त पाठ होतं. एफ-आर-ओ-एस-टी फ्रॉस्ट, फ्रॉस्ट म्हणजे हिमतुषार. एका न कळलेल्या शब्दासमोर दुसरा न कळलेला शब्द लिहायचा आणि दहापैकी दहा मिळवायचे. वर्गात एकाला अर्थ हवा होता आणि आम्ही पन्नास जण त्याला हसलो.

त्यानंतर मी त्याला वर्गात प्रश्न विचारताना ऐकलं नाही. दहावीला त्याचं इंग्रजी राहिलं. तो शेती बघायला लागला, पुढे त्याने ती चांगली वाढवली, ऊस लावला. मी बँकेत लागले. मधली चाळीस वर्षं भेट नाही.

मग ग्रुप झाला. तो ग्रुपवर होता, पण फक्त वाढदिवसाला हात जोडायचा. ५ मे २०२२ ला दुपारी दोन वाजता त्याचा संदेश आला. सकाळपासून सगळ्यांनी चौकोन टाकले होते, बहुतेक सगळे हरले होते. त्याने लिहिलं होतं, "मीपण खेळतो रोज. आजचा शब्द एच-ओ-एम-ई-आर निघाला. होमर म्हणजे काय?"

चार वाजेपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही. अठरा जणांनी वाचलं होतं, मी त्यातली एक. मला माहीत नव्हतं. ग्रीक कवी होमर माहीत होता, पण या खेळात विशेषनाम येत नाही. 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द लिहायला माझा हात धजेना. अखेर न्यू जर्सीची मैत्रीण झोपेतून उठली. आधी भडकली, "अरे, माझा आत्ता दिवस उजाडतोय, शब्द कशाला फोडलास!" मग तिनेच सांगितलं. बेसबॉलमध्ये चेंडू थेट प्रेक्षकांत मारून खेळाडू सगळी चक्कर पुरी करतो, तो होम रन. त्याला तिकडे बोलताना होमर म्हणतात. आपल्या षटकारासारखं.

त्या वर्षाच्या शेवटी बातमी वाचली. केंब्रिज शब्दकोशाने २०२२ सालचा शब्द म्हणून 'होमर' निवडला होता. कारण हेच. ५ मे या एका दिवसात त्यांच्या संकेतस्थळावर हा शब्द ६५ हजारांहून अधिक वेळा शोधला गेला, आणि शोधणारे बहुतेक सगळे उत्तर अमेरिकेच्या बाहेरचे होते. म्हणजे त्या दिवशी जगभर हजारो माणसं तोच प्रश्न विचारत होती. फरक एवढाच की ती गुपचूप विचारत होती. आपल्या मित्राने चारचौघांत विचारला.

ती बातमी वाचून मी त्याला फोन केला. म्हटलं, आठवीत मी तुला हसले होते, तुला आठवत नसेल. तो म्हणाला, "फ्रॉस्ट ना? एफ-आर-ओ-एस-टी." मला पुढे बोलता येईना. मग तोच म्हणाला, "अगं, निफाडकडे थंडीत द्राक्षं जळतात ना, ते फ्रॉस्ट. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दव गोठतं, पेपरात फोटो येतो बघ, ते फ्रॉस्ट. मला कळलं नंतर." मी माफी मागितली. तो म्हणाला, "राहू दे. पण आता अर्थ लिहीत जा ग्रुपवर."

तेव्हापासून ग्रुपवर नियम आहे. आजच्या शब्दाचा अर्थ उद्या सकाळी अकराला टाकायचा. न्यू जर्सी आपल्या साडेनऊ-साडेदहा तास मागे, तोवर तिथला दिवसही संपलेला असतो. शिवाय अकरा ही आपल्या शाळेच्या घंटेची वेळ. अट एकच, हिमतुषार चालणार नाही. अर्थ असा हवा की आपल्या आजीला कळला असता. 'नॉल' म्हणजे टेकाड. 'टेपिड' म्हणजे कोमट. 'पेअरर' म्हणजे स्वयंपाकघरातलं साल काढायचं सोलाणं. 'टॅसिट' म्हणजे तोंडाने न बोलता दोघांना मान्य असलेलं. यावर एकाने लिहिलं, "लग्नानंतर पगार कुणाकडे द्यायचा, ते टॅसिट."

अर्थ शोधता शोधता शब्दांची मुळंही सापडायला लागली. 'शुगर' पाच अक्षरी. तो आपल्या शर्करेवरून फारसी-अरबी वाटेने युरोपात गेला. 'कँडी' पाच अक्षरी, त्याच्या मुळाशी आपली खांड. 'टॉडी' म्हणजे ताडी. 'खाकी' तर आहेच. मुंगसाचा 'मंगूस' मराठीतून इंग्रजीत गेलेला, पण बिचारा आठ अक्षरांचा, खेळात बसत नाही. साखरेचा अर्थ टाकला त्या दिवशी मी आपल्या मित्राला लिहिलं, तू ज्याचा ऊस लावतोस त्याचा शब्दसुद्धा इथूनच गेलाय रे. त्याने उत्तर दिलं, "शब्दाला तरी भाव चांगला मिळाला म्हणायचा."

हे सगळे अर्थ तो एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवतो. डावीकडे स्पेलिंग, मध्ये अर्थ, उजवीकडे त्या दिवशी कोण जिंकलं, कोण हरलं. आज त्या वहीत साडेतीनशेच्या वर शब्द झाले आहेत. बाई, त्याचं अक्षर तुम्ही बघा, तुमच्या फळ्यावरच्या अक्षरासारखं आहे.

ती वही आज आमच्या तुकडीतर्फे शाळेच्या ग्रंथालयाला देत आहोत. आज शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे, मोबाइलवर शब्दकोश आहे, अर्थ बोटाच्या टोकावर आहे. तरी वर्गात हात वर करून "म्हणजे काय?" विचारायला आजही तेवढंच धैर्य लागतं. आजच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की असा हात वर झाला तर घंटा झाली तरी त्याला उत्तर मिळू द्या. आणि पहिल्या बाकावर कुणी मागे वळून हसत असेल, तर त्या मुलीला उभं करून तोच अर्थ विचारा. तिलाही तो बहुतेक माहीत नसेल.

वहीचं पहिलं पान आम्ही कोरं ठेवलं होतं. काल रात्री त्याने तिथे एक शब्द लिहिला आणि मला फोटो पाठवला. फ्रॉस्ट. समोर अर्थ, थंडीत गोठलेलं दव. त्याखाली, आठवी, मागचा बाक.

बाई, ती वही तुमच्या हातून शाळेला द्यावी, अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. आणि अरे, आता तरी उठून पुढे ये. आज कुणी हसणार नाही.