लाटांचें देणें-घेणें

समुद्र किनारा गिळतो, असें आपण नेहमीं म्हणतों. पण तें अर्धेंच सत्य आहे. समुद्र जें नेतो, त्यांतलें बरेंचसें तो अन्यत्र आणून ठेवितो. आणि या देण्याघेण्यांतूनच किनाऱ्याला रूप येतें. कोंकणांत हा व्यवहार डोळ्यांनीं पाहतां येतो.

प्रथम घेण्याची बाजू पाहूं. रायगड जिल्ह्यांतील हरिहरेश्वर येथें डोंगर थेट समुद्रांत उतरला आहे. काळ्या कातळावर लाट आदळली म्हणजे भेगांतील हवा दाबली जाते, व लाट मागें सरतांच ती जोरानें प्रसरण पावते. हें अहोरात्र चालल्यानें भेगा रुंदावतात. शिवाय लाट आपल्याबरोबर वाळू व गोटे आणते. तींच तिचीं हत्यारें होत. त्यांच्या माऱ्यानें कड्याचा पायथा पोखरतो, वरचा भाग निराधार होऊन कोसळतो, आणि कडा हळूहळू मागें हटतो. तो जेथून हटला, तेथें खडकाळ ओटा उरतो. भूगोलांत त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेची वाट ओहोटीच्या वेळीं अशाच ओट्यावरून जाते.

मात्र हा मारा सर्वत्र सारखा नसतो. भूशिराजवळ पाणी आधीं उथळ होतें. तेथें लाटेची गति मंदावते व ती भूशिराकडे वळते. अशा रीतीनें लाटांचें बळ भूशिरावर एकवटतें, आणि दोन भूशिरांमधल्या बाकांत पसरून क्षीण होतें. म्हणून भूशिरें झिजतात आणि त्यांच्या कुशींत वाळू विसांवते. हीच आपली पुळण.

लाट किनाऱ्यावर तिरपी चढली, तरी तिचें पाणी उताराच्या रोखानें सरळ खालीं येतें. त्यामुळें वाळूचा कण नागमोडी वाटेनें किनाऱ्याच्या कडेनें सरकत राहतो. खाडीच्या मुखाशीं किनारा एकाएकीं वळला कीं ही वाळू तशीच पुढें सांठत जाऊन लांबट दांडा तयार होतो. मालवणजवळचें देवबाग अशाच वाळूच्या पट्टीवर वसलें आहे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत माड व माणसांचीं घरें.

पावसाळ्यांत नैर्ऋत्य वाऱ्यानें उसळलेल्या उंच लाटा पुळणीची वाळू ओढून किनाऱ्यापुढें पाण्याखालीं तिचा बांध घालतात. एक मीटर उंचीची लाट सुमारें १.३ मीटर खोलीच्या पाण्यांत येतांच फुटते. म्हणून पुढच्या लाटा या बांधावरच फुटतात. नेलेली वाळूच किनाऱ्याचें रक्षण करिते! पावसाळा सरला कीं मंद लाटा ती परत आणूं लागतात, आणि आषाढांत खरवडलेली पुळण माघांत पुन्हां भरलेली दिसते.

पण हें खातें जुळण्यास भांडवल शाबूत हवें. धरणाच्या जलाशयांत नदीची वाळू अडते. खाडींतली वाळू उपसली कीं पुळणीचा पुरवठा तुटतो. मग किनारा खचूं लागला म्हणजे आपण दगडी बंधारा घालतों. त्यामागचें घर वांचतें, हें खरें. परंतु बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट त्याच्या पायथ्याची वाळू खणून नेते, आणि बंधारा जेथें संपतो, तेथें शेजाऱ्याची जमीन अधिक झिजते. त्यांतच समुद्राची पातळीहि आतां वाढत आहे.

उंबऱ्याशीं लाट आलेल्या माणसाला बंधारा नाकारणें सोपें नाहीं. तथापि एका घरापुरता हिशेब मांडून भागणार नाहीं. वाळू कोठून येते आणि कोठें जाते, हें नदीच्या उगमापासून खाडीच्या मुखापर्यंत पाहूनच दगड कोठें टाकावा, किंवा मुळींच टाकूं नये, हें ठरविलें पाहिजे. लाटांशीं वैर करून किनारा टिकत नाहीं. त्यांचा व्यवहार ओळखला, तरच तो टिकेल.