जमिनीत की कुंडीत?
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या सभेत झालेले भाषण)



'बोन्साय' या जपानी शब्दात 'बोन' म्हणजे उथळ भांडे आणि 'साय' म्हणजे लावणी. नावातच भांडे असल्यामुळे अशी समजूत रूढ झाली आहे की या वृक्षांचे सारे आयुष्य भांड्यातच जाते. जपानमधील शिकोकू बेटावर ताकामात्सु नावाचे शहर आहे. त्याच्या किनाशी आणि कोकुबुंजी या भागांत गेले तर ही समजूत पहिल्याच वळणावर गळून पडते. तेथे घरांच्या मधल्या शेतांत पाइनची रोपे ओळीने उभी असतात, आपल्याकडे वांगी-मिरची उभी असावी तशी. जपानमध्ये तयार होणाऱ्या पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के या दोन गावांतून येतात. भुसभुशीत, पाणी झटकन निचरणारी माती आणि बेताचा पाऊस यांच्या आधाराने ही रोपे कित्येक वर्षे जमिनीतच वाढतात. बुंधा मनाजोगता झाला की मगच ती खणून काढून कुंडीत बसवतात.

हा विषय आज या सभेत येण्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या फाटकाजवळचा वड रस्तारुंदीकरणाच्या रेषेत आला आहे. त्या वडाचे पुढे काय होणार हा निर्णय वेगळ्या ठिकाणी होईल; त्याची चर्चा येथे नको. परंतु गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या चाळीस फांद्या कलमासाठी लावल्या गेल्या आणि त्यांपैकी एकतीस रुजल्या. ती रोपे आज काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, बोटाएवढ्या जाडीची, प्रयोगशाळेमागे उभी आहेत. अनेक माजी विद्यार्थ्यांची इच्छा अशी की याच समारंभात एकेक रोप सुबक कुंडीत बसवून त्यांच्या हाती द्यावे. प्रयोगशाळेमागची बारा फूट रुंद आणि तीस फूट लांब जागा नव्या सभागृहाचे काम सुरू होईपर्यंत, म्हणजे पाच वर्षे, मोकळी आहे. रोपे आज कुंडीत गेली तर काय होईल आणि ती या जागेत लावली तर काय होईल, हे नीट समजून घेतल्यावाचून निर्णय करू नये.

झाडाचे खोड जाड कशाने होते, येथून आरंभ करावा लागतो. सालीच्या आत वाढीचा एक अगदी पातळ थर असतो. तो आतल्या बाजूस लाकूड आणि बाहेरच्या बाजूस साल घालत जातो. प्रत्येक नव्या पानाला पाणी पुरवण्यासाठी नव्या लाकडाची गरज पडते आणि प्रत्येक पान जे अन्न तयार करते त्यातूनच ते लाकूड घडते. म्हणून खोडाच्या कोणत्याही एका जागेची जाडी त्या जागेच्या वर किती पाने आहेत यावर अवलंबून असते. पाने भरपूर हवीत तर मुळे भरपूर हवीत आणि मुळे भरपूर हवीत तर त्यांना धावायला जागा हवी. कुंडी नेमकी हीच जागा काढून घेते. बोटाएवढे वडाचे रोप मोकळ्या जमिनीत चार-पाच वर्षांत मनगटाएवढे होऊ शकते. तेच रोप लहान ताटात ठेवून छाटत राहिले तर तितक्याच काळात फार तर अंगठ्याएवढे होते. कुंडीत गेलेले खोड त्यानंतर फारसे जाड होत नाही, आणि ही गोष्ट नवशिक्या हौशी माणसाला फार उशिरा कळते. त्याच्या ताटात दहा वर्षांनी एक म्हातारे रोप असते. वृक्षाची आठवण करून देणारे काही त्यात नसते.

बाजारात जाड बुंध्याची, दोन-तीन पाय फाकल्यासारखी दिसणारी जी 'बोन्साय' झाडे तयार मिळतात, त्यांच्याविषयी येथे एक वाक्य खर्च करायला हरकत नाही. ती बहुधा नांद्रुकीच्या फुगलेल्या मुळांवर लहान पानांच्या जातीची कलमे बांधून केलेली असतात. झाड म्हणून ती वाईट नव्हेत, परंतु ज्याला बुंधा म्हणून पैसे मोजले जातात तो बुंधा नसून मूळ असते.

एवढ्यावरून सर्व रोपे जमिनीत लावावीत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अर्धाच बरोबर ठरेल. जमीन जाडी देते, पण ती जाडी आडमुठी असते. मोकळे सोडलेले वडाचे रोप सरळ काठीसारखे वर धावते आणि बुडापासून शेंड्यापर्यंत सारख्याच जाडीचे राहते. जुन्या वृक्षाचा बुंधा खाली रुंद असतो आणि वर निमुळता होत जातो. डोळ्याला वय जाणवते ते या निमुळतेपणामुळे. तो जमिनीत आणायचा तर खोड सहा-आठ इंचांवर बेधडक कापावे लागते. कापाखालून फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी एकाला नवा शेंडा म्हणून वाढू द्यायचे, तो पुरेसा जाड झाला की त्यालाही थोड्या उंचीवर कापायचे. असे दोनतीनदा केले की खोड पायरीपायरीने निमुळते होते. चीक वाहतो, पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण वडाच्या जातीची झाडे ऊन तापू लागले असता केलेला असा घाव चांगला भरून काढतात. दुसरी युक्ती म्हणजे बुडाजवळची एखादी फांदी मुद्दाम न छाटता वाढू देणे. तिच्या पानांचे अन्न तिच्या खालच्या खोडालाच मिळते, वरच्याला नाही. त्यामुळे केवळ बूड रुंद होते. काम झाल्यावर ती फांदी कापून टाकायची. झाडाच्या अंतिम रूपात तिला स्थान नसते आणि तरीही त्या रूपाचा पाया तिनेच घातलेला असतो. जपानी माळी अशा फांद्या वर्षानुवर्षे पोसतात.

मुळांची गोष्ट याहून नाजूक आहे. बुंध्याच्या तळाशी चोहोबाजूंनी जमिनीवर पसरलेल्या मुळांना जपानीत 'नेबारी' म्हणतात आणि बोन्सायचा जाणकार झाडाकडे पाहताना प्रथम तेथे नजर टाकतो. मोकळ्या जमिनीत मुळे खाली बुडी मारतात. ती आडवी पसरावीत म्हणून रोपाखाली एक फरशीचा तुकडा किंवा जुने सपाट कौल पुरतात. रोप त्याच्यावर बसवून मुळे चाकाच्या आऱ्यांसारखी चहूकडे मांडतात आणि वर माती लोटतात. एवढे करूनही काम संपत नाही. दर वर्षी रोपाभोवती वीतभर अंतरावर कुदळीने गोल चर मारून बाहेर गेलेली मुळे तोडावी लागतात, म्हणजे बुंध्याजवळ बारीक मुळांचे जाळे तयार होते. हे वर्षानुवर्षे टाळले आणि पाचव्या वर्षी झाड उपटले, तर हाती चार जाड मुळे येतात. अन्नपाणी घेणारी बारीक मुळे कुठेतरी आठ फूट लांब मातीतच राहतात आणि झाड आठवड्याभरात मान टाकते. जमिनीत वाढवलेली बोन्साय दगावतात ती बहुधा याच आळसाने. वडाच्या बाबतीत तर आणखी एक धोका आहे. चर मारला नाही तर मुळे प्रयोगशाळेच्या पायात शिरतील. म्हणून रोपांच्या ओळी भिंतीकडून जितक्या दूर ठेवता येतील तितक्या ठेवाव्या लागतील.

त्यात मालव्याची काळी माती. ती पावसाळ्यात चिकट गोळा होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून मुळे तोडते. तीत थेट लावलेली रोपे काढताना मातीचे ढेकूळ सुटते आणि बारीक मुळे त्यासोबत जातात. यावर उपाय साधा आहे. फूटभर उंच वाफा करून त्यात मुरूम, भरड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. असा वाफा करण्याचा खर्च सुबक कुंड्यांच्या खर्चापेक्षा निश्चितच कमी येईल.

आता कुंडीची बाजू. कुंडीला वाढ रोखणारा तुरुंग म्हणणे अन्यायाचे आहे. मुळांना मर्यादा पडली की फांद्यांची पेरे आखूड होतात, एका फांदीच्या दोन आणि दोनाच्या चार होतात, आणि वडाचे तळहातापेक्षा मोठे पान हळूहळू लहान होते. जमिनीतल्या झाडाला हे कधीच साधत नाही. शिवाय कुंडीत झाड जगत नाही ही समजूतही खोटी आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडील एक पांढरा पाइन १६२५ पासून बोन्साय म्हणून जोपासला गेला. १९४५ च्या अणुबॉम्बमधून तो वाचला आणि १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिला गेला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात तो आजही आहे. कुंडीतील आयुष्य लांब असू शकते, मात्र त्यासाठी रोजचे पाणी चुकता कामा नये.

उथळ कुंडीची खरी अडचण उन्हाळ्यात पाण्याच्या तुटीची आणि पावसाळ्यात पाण्याच्या अतिरेकाची असते. दुसरी अडचण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धुण्याचा स्पंज पाण्यात भिजवून हातावर आडवा धरावा. थेंब थांबले की तोच उभा करावा, पुन्हा पाणी ठिबकू लागते. कुंडीतील मातीचेही असेच आहे. तळाशी ठराविक उंचीपर्यंत पाणी अडून राहते, आणि कुंडी जितकी उथळ तितका मातीचा अधिक हिस्सा त्या ओलीत राहतो. म्हणून उथळ ताटात बागेची माती चालत नाही. विटांचे चाळून घेतलेले बारीक खडे, भरड वाळू आणि थोडे खत असे मोकळे मिश्रण लागते. आज ही रोपे बागेच्या मातीनिशी सुबक ताटांत बसवून घरोघर पाठवली, तर त्यांपैकी किती पुढचा श्रावण पाहतील याविषयी रास्त शंका आहे.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. भाजीच्या जाळीदार क्रेटला आतून शेडनेटचे अस्तर लावून त्यात रोप लावायचे. साध्या कुंडीत मूळ भिंतीला आपटते आणि गोल गोल फिरत राहते. क्रेटमध्ये मुळाचे टोक जाळीतून बाहेर आले की हवा लागून सुकते आणि त्याच्या मागे नव्या बारीक मुळ्या फुटतात. खोड जमिनीइतके जाड होत नाही, पण कुंडीपेक्षा बरेच अधिक होते, मुळांचे जाळे दाट बनते आणि क्रेट केव्हाही उचलून हलवता येते. ज्यांची बदलीची नोकरी आहे किंवा ज्यांच्याकडे फक्त गच्ची आहे, त्यांना हाच मार्ग योग्य.

या सर्व विचारांती व्यवस्थापन समितीपुढे ठेवलेली योजना अशी आहे. एकतीसपैकी तीन रोपांचे बोन्साय करू नये. शाळेच्या मागील मैदानाच्या कडेला, इमारतींपासून लांब, ती पूर्ण वृक्ष होण्यासाठी लावावीत. जुन्या वडाची जागा ताटातले झाड घेऊ शकत नाही आणि तसा आवही आणू नये. दहा रोपे क्रेटमध्ये लावावीत. ज्या माजी विद्यार्थ्यांना आजच घरी न्यायची आहेत त्यांनी ही न्यावीत. उरलेली अठरा, तीन ओळींत प्रत्येकी सहा, चार-चार फुटांवर, फरशीच्या तुकड्यांवर उंच वाफ्यात लावावीत. पहिला मोठा काप दुसऱ्या वर्षी फाल्गुनात. पाचव्या वर्षी, पहिला पाऊस पडता पडता, ती काढावीत. त्या वर्षी वरची छाटणी जड करू नये. मुळे आणि फांद्या दोन्ही एकाच हंगामात निम्म्यावर आणणे कोणत्याही झाडाला सोसत नाही. काढल्यावर दोन वर्षे खोलगट साध्या कुंडीत, पहिले काही आठवडे सावलीत, आणि त्यानंतरच उथळ ताट.

म्हणजे ज्यांना आज रोप हाती हवे आहे त्यांपैकी अठरा जणांना सात वर्षे थांबावे लागेल. काहींनी यावर नाराजी व्यक्त केली आहे आणि ती समजण्यासारखी आहे, कारण काही माजी विद्यार्थी आज पंचाहत्तरी ओलांडून आले आहेत. क्रेटमधील दहा रोपे प्रथम त्यांना द्यावीत असा प्रस्ताव त्यामुळेच आहे.

वाफ्यासाठी मुरूम आणि वाळू एका पालकांनी देऊ केली आहे. फरशीचे तुकडे जुन्या ग्रंथालयाच्या दुरुस्तीतून पडलेले आहेतच. इयत्ता आठवी आणि नववीच्या मुलांनी वर्षभराच्या पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. तो तक्ता बाहेर फळ्यावर आहे. त्यात मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे अजून रिकामे आहेत. शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या पालकांनी जाताना तेथे आपली नावे लिहावीत.