गोलंदाज बाळू पालवणकर

क्रिकेटच्या सामन्यास जाणारा प्रेक्षक बहुधा फलंदाजाकडे पाहत असतो. चेंडू सीमेपार गेला कीं टाळ्या पडतात, शतक झालें कीं टोप्या उडतात, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत मथळा येतो तोही त्याच्याच नांवाचा. ज्यानें दिवसभर उन्हांत चेंडू टाकले त्याचें नांव त्यानंतर. खेळपट्टी झाडणारा व रूळ ओढणारा माणूस तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. पुण्यांत असा एक माणूस होऊन गेला, कीं ज्यानें प्रथम रूळ ओढला, मग गोलंदाजी केली, आणि शेवटीं हिंदुस्थानांतील पहिला थोर गोलंदाज म्हणून इंग्लंडपर्यंत कीर्ति मिळविली. ते बाळू पालवणकर होत. श्रम कोणाचे आणि मान कोणाचा, हा जुना प्रश्न त्यांच्या चरित्रांत पानोपानीं उभा राहतो.

हा भेद क्रिकेटपुरताच आहे असें नाहीं. अमेरिकेंत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, त्यांत आघाडीवर पांच धिप्पाड गड्यांची एक रांग उभी असते. समोरून येणारा लोंढा छातीवर झेलावयाचा, मागच्या गड्याला चेंडू फेंकण्यास उसंत द्यावयाची, धांवणाऱ्यास वाट मोकळी करून द्यावयाची, हें त्यांचें काम. गुण त्यांच्या नांवावर जवळजवळ कधींच लागत नाहींत. या रांगेंत पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांच्या पुत्रांनीं मोठें नांव मिळविलें आहे. तेथील आपिया गांवीं जन्मलेले जेसी सापोलू हे १९८३ पासून १९९७ पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या संघांत या जागीं खेळले, आणि त्या काळांत त्यांच्या संघानें चार वेळां अजिंक्यपद पटकावलें. तेथें संघ जिंकला म्हणजे रांगेंतील गड्याच्या बोटांतही विजयाची अंगठी येते. बाळूंच्या वांट्यास आलेली रांग याहून अवघड होती. ती खेळाच्या नियमांनीं आंखलेली नव्हती. ती जन्मानें आंखलेली होती.

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतील पालवणचें, त्यावरून पालवणकर हें आडनांव. जात चांभार, म्हणजे त्या वेळच्या समजुतीप्रमाणें अस्पृश्य. वडील लष्करी नोकरींत असल्यामुळें मुलांचें बालपण पुण्याच्या लष्करी वस्तींत गेलें. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेलें खेळाचें साहित्य घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम क्रिकेट खेळूं लागले. पुढें गणपत व विठ्ठल हे आणखी दोन भाऊही याच खेळांत आले. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यांतील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबांत. खेळपट्टी झाडणें, रूळ फिरविणें आणि मधून मधून सभासदांना सरावासाठीं चेंडू टाकणें, असें तें काम. पगार दरमहा ३ रुपये.

१८९२ च्या सुमारास ते पुण्यांतील युरोपियनांच्या क्लबांत नोकरीस लागले. तेथें कॅप्टन ग्रेग नांवाचे एक निष्णात फलंदाज पुढें आले. इंग्लंडांत हॅम्पशर परगण्याच्या संघाकडून खेळलेला हा गृहस्थ इतरांच्या आधीं मैदानावर येई आणि तासनतास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनीं त्यांस बाद केलें कीं प्रत्येक वेळीं आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र निश्चित कीं त्या सरावानें फलंदाज जितका तयार झाला, त्याहून अधिक गोलंदाज तयार झाला. डावखुऱ्या हाताची मंद गोलंदाजी ही अंगबळाची विद्या नव्हे. चेंडू किती उंच सोडावा, कोठें टप्पा द्यावा, बोटांनीं त्यास किती फिरकी द्यावी, आणि समोरच्याचा पाय पुढें येतो आहे कीं मागें जातो आहे हें हात सुटण्यापूर्वीं कसें ओळखावें, हें सर्व हजारों चेंडू टाकल्यावांचून कळत नाहीं. ही शाळा बाळूंना नोकरीच्या निमित्तानें लाभली. बॅट हातीं धरण्याची संधी मात्र त्यांस देण्यांत येत नसे. फलंदाजी हें साहेबाचें काम आणि गोलंदाजी हें नोकराचें, अशी ती वांटणी होती.

साहेबांना चकविणाऱ्या या गोलंदाजाची वार्ता शहरांत पसरण्यास वेळ लागला नाहीं. पुण्याच्या हिंदु क्रिकेट क्लबास युरोपियनांवर विजय हवा होता. बाळूंना संघांत घ्यावें कीं नाहीं यावर सभासदांत दोन तट पडले. शेवटीं विजयाची इच्छा सोंवळ्याहून प्रबळ ठरली आणि बाळू संघांत आले. त्यांनीं टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलीत, पुसून त्यांच्या हातीं परत देत. त्यांत कोणासही विटाळ वाटत नसे. पण चहाची वेळ झाली कीं तोच हात अस्पृश्य होई. इतर खेळाडू आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत. बाळूंना तो बाहेर, फेंकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांतून मिळे. हाततोंड धुवावयाचें तर क्लबचा एखादा अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोंपऱ्यांत नेऊन त्यांच्या हातावर पाणी घाली. जेवणाचें ताट निराळें, मेजही निराळें.

यांत कोणी एक दुष्ट माणूस होता असें म्हणतां येत नाहीं, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. ते सारे सुशिक्षित लोक होते, बाळूंच्या खेळावर त्यांचें प्रेम होतें, आणि त्यांच्याविषयीं अभिमानही होता. तरी मैदानाची सीमारेषा ओलांडतांच तो अभिमान पायरीशीं थबकत असे. पुण्याचा हिंदु संघ एकदां साताऱ्यास गेला असतां तेथील युरोपियन मंडळींनीं बाळूंची फिरकी चालूं नये म्हणून खेळपट्टी कित्येक दिवस रूळ फिरवून दाबून ठेवली होती, तरीही बाळूंनीं सात बळी घेतले, अशी हकीकत आहे. पुण्यास परतल्यावर झालेल्या सत्काराच्या प्रसंगीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं बाळूंच्या सहकाऱ्यांस असें सुचविलें म्हणतात, कीं ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत नसावी. लोकमान्य टिळकांनींही बाळूंचें जाहीर कौतुक केल्याचें सांगतात. सुधारक आणि राष्ट्रीय, या दोन्ही पक्षांस एकाच माणसाचा गौरव करावासा वाटला, हें त्या काळच्या पुण्यांत लहानसहान नव्हतें.

१८९६ सालीं प्लेगची सांथ आली, आणि त्याच सुमारास बाळूंनीं पुणें सोडून मुंबई गांठली. तेथें रेल्वेंत नोकरी लागली. परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यांतही त्यांच्या प्रवेशास प्रथम विरोध झाला. पण कर्णधारानें आग्रह धरला आणि तो विरोध मावळला. १९०६ च्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदूंचा युरोपियनांशीं सामना झाला. हिंदूंनीं २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन १९१ आणि १०२ धावांत बाद झाले. १०९ धावांनीं मिळालेल्या या विजयांत बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, आणि शिवरामही त्या संघांत होते. या विजयाचा आनंद सामन्यापुरता राहिला नाहीं. चांभाराच्या मुलांस बरोबर घेऊन हिंदु संघ जिंकला, यांत जातिभेद शिथिल होण्याची खूण सुधारकांच्या पत्रांस दिसली. पुण्यानें त्यांस खेळावयास घेतलें. मुंबईनें त्यांस पंक्तीसही घेतलें. एका माणसाच्या मनगटानें एवढा पल्ला गांठला होता.

१९११ सालीं हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. संघ एकंदरींत फार यशस्वी झाला नाहीं. २३ सामन्यांपैकीं बहुतेक त्यानें गमावले. पण या पराभवांत बाळूंनीं सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, आणि तेही दर बळीस १९ हून कमी धावा देऊन. त्यांचें वय तेव्हां ३५ वर्षांचें होतें. अनोळखी हवा, ओलसर मैदानें, आणि एका टोंकानें सतत चेंडू टाकीत राहण्याची पाळी. तरीही ते थकले नाहींत. लेस्टरशरवर मिळालेल्या विजयांत त्यांच्या बळींनीं पाया घातला, आणि सॉमरसेटविरुद्ध शिवरामनें शतक ठोकून विजय खेंचून आणला. दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईंतील अस्पृश्य समाजानें बाळूंचा सत्कार केला. त्या समाजांतील एका होतकरू विद्यार्थ्यास, पुढें डॉक्टर आंबेडकर झालेल्या भीमरावांस, बाळू हे एक आदर्श वाटत असत.

इतकें सारें होऊनही एक दार बंद राहिलें. ज्याचे बळी सर्वांत अधिक, ज्याचा अनुभव सर्वांत दीर्घ, त्यास हिंदु संघाचें कर्णधारपद मिळावयास हवें होतें. परंतु तें कधींच मिळालें नाहीं. १९१३ सालीं कर्णधार झालेले म. द. पै यांनीं एका समारंभांत मोकळ्या मनानें सांगितलें कीं हा मान वस्तुतः बाळूंचा होता, कारण ते ज्येष्ठ व अनुभवी आहेत. बोलणें उदार होतें. निवड मात्र बदलली नाहीं. १९२० सालीं बाळूंना संघांतून वगळण्यांत आलें आणि कर्णधारपदासाठीं विठ्ठलांचाही विचार झाला नाहीं, तेव्हां विठ्ठल व शिवराम हे दोघेही बंधु निषेध म्हणून संघाबाहेर पडले. नोकरींतून वर आलेल्या कुटुंबानें मान मागण्याचें धैर्य दाखविलें, हा त्या घटनेचा खरा अर्थ होय. वाद मिटला तो बाळू उपकर्णधार होऊन. आणि पै कांहीं काळ मैदानाबाहेर गेले असतां संघाचें नेतृत्व बाळूंच्या हातीं आलें. एवढीच काय ती त्यांच्या वांट्याची सत्ता. पुढें १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हे हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनीं संघास विजयी केलें. थोरल्या भावानें वीस वर्षें जें दार ठोठावलें, तें धाकट्या भावासाठीं उघडलें.

बाळूंनीं उत्तर आयुष्यांत राजकारणांतही भाग घेतला. येरवड्याच्या तुरुंगांत महात्माजींचें उपोषण चालू असतां १९३२ च्या सप्टेंबरांत जो पुणें करार झाला, त्यावर सही करणारांत बाळूही होते. ज्या शहरांत त्यांनीं मातीच्या भांड्यांतून चहा घेतला होता, त्याच शहरांत आपल्या समाजाच्या भवितव्याविषयींच्या कागदावर त्यांचें नांव लागलें. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईंत ते काँग्रेसतर्फे डॉक्टर आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडली आणि बाळूंना ११,२२५. एके काळीं ज्यानें बाळूंना आदर्श मानलें, त्याच्याकडून हा पराभव पत्करावा लागला. दोघांचे मार्ग भिन्न होते. हिंदु समाजाच्या आंत राहून, त्याच्या विजयासाठीं घाम गाळून मान मिळतो, हा बाळूंच्या आयुष्याचा अनुभव. तो मान उशिरां आणि अर्धामुर्धा मिळतो, हें आंबेडकरांचें उत्तर. बाळूंच्या स्वतःच्या चरित्रांत दोन्हींचा पुरावा सांपडतो.

४ जुलै १९५५ रोजीं त्यांचें निधन झालें. पहिल्या प्रतीच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ बळी घेतले, दर बळीमागें सुमारें १५ धावा देऊन. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला तेव्हां बाळूंचें वय ५६ वर्षांचें होतें, म्हणून कसोटीपटूंच्या यादींत त्यांचें नांव नाहीं. पण नोंदवहीचे आंकडे त्यांची सारी कामगिरी सांगूं शकत नाहींत. दरमहा ३ रुपयांवर झाडलेली खेळपट्टी, साहेबाच्या सरावासाठीं टाकलेले असंख्य चेंडू, आणि पंक्तीबाहेर घेतलेला चहा, यांचा हिशेब कोणत्याही वहींत लागलेला नाहीं.

खेळ माणसांना जवळ आणतो असें आपण सहज म्हणून जातों. बाळूंच्या बाबतींत खेळानें त्यांस जवळ आणलें हें खरें. पण आधीं त्यांच्या हाताची गरज भासली, मग त्यांचा गौरव झाला, आणि त्यांचा अधिकार मानण्याची वेळ आली तेव्हां मंडळी घुटमळली. आजही मैदानावर एखाद्या विजयाबद्दल टाळ्या वाजवितांना त्या विजयाखालीं कोणाकोणाचे हात राबले आहेत याची आठवण ज्यास होईल, आणि सामना संपल्यावर त्या हातांस आपल्या शेजारीं बसण्याची जागा जो देईल, त्यास बाळू पालवणकरांचें चरित्र समजलें असें म्हणावें.