कोणती वस्ती जास्त धोक्याची?

घर शोधताना हमखास विचारलं जातं, "तो भाग कसा आहे हो?" मग कुणी पोलीस ठाण्यांचे आकडे काढतं आणि दोन वस्त्यांची तुलना करू लागतं. इथंच घोटाळा होतो.

गुन्ह्यांचा दर काढतात दर एक लाख लोकसंख्येमागे. पण लोकसंख्या कुणाची? मुंबईच्या फोर्टात राहणारे थोडे, पण दिवसा कचेऱ्यांत येणारे लाखो. पाकीट त्यांचं मारलं जातं आणि भागाकार होतो मोजक्या रहिवाशांनी. साहजिकच फोर्ट कागदावर भयंकर दिसतो! दादर स्थानकाची गंमत वेगळी. फलाटावर मोबाइल चोरीला गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे. पूल उतरल्यावर रस्त्यात चोरीला गेला, तर शहर पोलिसांकडे. म्हणजे एकाच भागाचे गुन्हे दोन वेगळ्या आकड्यांत विभागले जातात.

शिवाय आकडा असतो तो नोंदलेल्या गुन्ह्यांचा. विम्यासाठी लागते म्हणून गाडीचोरीची तक्रार बहुतेक होतेच. घरातल्या मारहाणीची मात्र कितीतरी वेळा होत नाही. जिथं ठाण्यात तक्रार नीट लिहून घेतात, तिथला आकडा फुगतो. माझ्या मते त्या ठाण्याला शाबासकीच द्यायला हवी.

आणि अख्खी वस्ती तरी कुठे वाईट असते? अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा 1989 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पोलिसांना आलेल्या निम्म्या फोनांचं मूळ शहरातल्या जेमतेम 3 टक्के पत्त्यांवर होतं. तेव्हा वस्तीच्या नावापेक्षा कोणता कोपरा, कोणती वेळ आणि कोणता गुन्हा, हे आधी विचारा.